जाब विचारायचा तो कोणाला?

परदेशी दुकानातून ऑनलाइन काही मागवायचे असले की मी वस्तूची छायाचित्रे आणि ग्राहकांनी दिलेले तारे नंतर पाहतो. आधी पान सरळ तळापर्यंत सरकवतो. तिथे बारीक अक्षरांत विक्रेत्या कंपनीचे नोंदणीकृत नाव, पत्ता, परताव्याच्या अटी आणि वाद उद्भवल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल हे लिहिलेले असते, किंवा लिहिलेले नसते. मध्यंतरी एका परिचितांनी ‘इथून घ्यावे का?’ असे विचारत पाठवलेले दुकान असेच तपासले. किमती रुपयांत होत्या, पिनकोड टाकताच जिल्हा आणि राज्य आपोआप भरले जात होते, मुंबई, पुणे आणि नागपूर येथे घरपोच सेवा असल्याचेही वर झळकत होते. तळाशी मात्र संपर्कासाठी केवळ एक फॉर्म होता. परताव्याच्या पानावर लिहिले होते की वस्तू ग्राहकाने स्वखर्चाने आमच्या गोदामात पाठवावी, आणि गोदामाचा पत्ता विनंती मंजूर झाल्यावर कळवला जाईल. थोडक्यात, विकताना हे दुकान पुण्यात होते आणि परत घेताना ते कुठेच नव्हते.

सीमेपलीकडच्या ऑनलाइन व्यापारात ग्राहकाचा विश्वास कसा वाढवावा, याची बहुतेक चर्चा सुरक्षित पेमेंट, खरी मते आणि स्पष्ट माहिती यांच्याभोवती फिरते. या गोष्टी हव्यातच. परंतु विश्वासाचा कस व्यवहार बिघडल्यावर लागतो, आणि तेव्हा जाब विचारायचा तो कोणाला, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. कोपऱ्यावरच्या वाण्याने किडकी डाळ दिली तर आपण कायद्याचे पुस्तक उघडत नाही. पिशवी घेऊन त्याच्या गल्ल्यासमोर उभे राहतो, कारण तो उद्याही तिथेच बसणार आहे हे त्यालाही ठाऊक असते. चीनच्या शेन्झेनमधल्या किंवा अमेरिकेच्या सिअ‍ॅटलजवळच्या विक्रेत्यापुढे असे उभे राहता येत नाही. म्हणूनच, जिथे हा विश्वास प्रत्यक्षात उभा राहिला आहे तिथे दूरच्या विक्रेत्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, आपला हात पोचेल अशा कोणाला तरी जबाबदार धरण्याची सोय झालेली दिसते. आणि जिथे सगळी भिस्त दूरच्या विक्रेत्याच्या सौजन्यावर ठेवली गेली, तिथे चांगल्या हेतूने केलेल्या व्यवस्थाही बंद पडल्या.

ही सोय दर वेळी सरकारनेच केली असे नाही. अलीबाबा कंपनीने २००३ मध्ये चीनमध्ये ताओबाओ हा ऑनलाइन बाजार सुरू केला, तेव्हा अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवायला ग्राहक कचरत होते आणि पैसे हाती आल्याशिवाय माल पाठवायला विक्रेते तयार नव्हते. त्याच वर्षी आलेल्या अलीपे सेवेने पैसे मध्येच धरून ठेवण्यास सुरुवात केली, आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने कळवल्यावरच ते विक्रेत्याला मिळू लागले. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाही. मधल्या संस्थेवर ठेवला तरी पुरत होते.

परदेशी खरेदीत हेच काम आपले कार्ड करू शकते, आणि आपल्याकडे पुष्कळांना याची कल्पना नसते. मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा वर्णनापेक्षा अगदी निराळी आली, आणि विक्रेता दाद देत नसला, तर आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. बँक तो व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे पाठवते, विक्रेत्याला माल पोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो देता आला नाही तर रक्कम परत फिरते. बँकेत याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसाच्या नियमांत वस्तू न मिळाल्याच्या वादाला साधारणपणे १२० दिवसांची मुदत आहे; ‘पार्सल वाटेत आहे, अजून थोडी वाट पाहा’ अशी उत्तरे आठवडेच्या आठवडे पाठवत राहणाऱ्या विक्रेत्यांना ही मुदत चांगली ठाऊक असते, असा माझा संशय आहे. येथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळवले, तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. पण हा दिलासा आपण न केलेल्या व्यवहाराचा आहे. लबाड दुकानाला आपण स्वतः ओटीपी टाकून पैसे दिले असतील तर तो व्यवहार आपणच केलेला ठरतो, आणि मग मार्ग उरतो तो चार्जबॅकचा.

ब्रिटनने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचे ७५ वे कलम असे सांगते की १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला किंवा खोटी माहिती दिली, तर कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. परदेशात झालेल्या खरेदीला हे कसे लागू होईल, असा युक्तिवाद बँकांनी लढवला. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये तो फेटाळला. चार्जबॅक हा नेटवर्कने आपल्या नियमांत दिलेला मार्ग आहे, तर हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. असे कलम आपल्याकडेही असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी दुकान बुडाले तरी कार्ड देणारी बँक बुडालेली नसते.

डिजिटल सेवांमध्ये तर हात पोचण्याचा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण तिथे पार्सल नसते, सीमाशुल्क खाते नसते, आणि कंपनीला ग्राहकाच्या देशात साधी खोलीही भाड्याने घ्यावी लागत नाही. या संदर्भात मला सर्वात बोलका वाटतो तो ऑस्ट्रेलियातील वाल्व कंपनीवरचा खटला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्यू येथील ही कंपनी स्टीम नावाच्या मंचावरून व्हिडिओ गेम विकते. गेम खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे नाव कार्डाच्या बिलावरून परिचित असेल. कंपनीच्या अटींत पैसे परत मिळणार नाहीत असे म्हटलेले होते. सदोष वस्तू किंवा सेवेबाबत ग्राहकाला मिळणारी हमी कोणत्याही करारातून वगळता येत नाही, असे ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा सांगतो. २०१४ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीचे म्हणणे असे होते की करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली झाला आहे, ती ऑस्ट्रेलियात व्यवसाय करतच नाही, आणि गेम ही तर ‘वस्तू’ही नव्हे.

मार्च २०१६ मध्ये फेडरल न्यायालयाने हे सर्व मुद्दे नाकारले. कंपनीची ऑस्ट्रेलियात सुमारे २२ लाख खाती होती, मजकूर पोचवणारे सर्व्हर तिथे होते, तिथल्या सेवांसाठी ती नियमित पैसे मोजत होती. मग व्यवसाय आणखी वेगळा कसा असतो, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. करारात कोणताही कायदा निवडलेला असला तरी ग्राहकाची हमी त्यामुळे वाहून जात नाही, हेही स्पष्ट झाले. डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, पुढच्या वर्षी अपील फेटाळले गेले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च पातळीवर दाद मागण्याची परवानगीही नाकारण्यात आली. दरम्यान, खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये स्टीमने जगभरातील ग्राहकांसाठी परताव्याचे धोरण जाहीर केले होते: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ते या खटल्यामुळेच आले असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. तरीही आज नाशिकमधला एखादा विद्यार्थी न आवडलेला गेम परत करून पैसे मिळवतो, ती सोय ज्या काळात आली त्याच काळात दूरच्या एका देशाचा नियामक कंपनीच्या दारात उभा होता, एवढे निश्चित.

‘व्यवसाय इथे केला’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न युरोपलाही सोडवावा लागला. ७ डिसेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने पामर आणि होटेल आल्पेनहोफ या जोडखटल्यांत असा निकाल दिला की एखादे संकेतस्थळ दुसऱ्या देशात उघडते, एवढ्यावरून विक्रेता त्या देशात व्यापार करतो असे होत नाही. खुणा पाहाव्या लागतात. विक्रेत्याच्या देशात वापरात नसलेली भाषा किंवा चलन, आंतरराष्ट्रीय कोडसह दिलेला दूरध्वनी क्रमांक, दुसऱ्या देशाचे डोमेन, त्या देशातील ग्राहकांना उद्देशून केलेल्या जाहिराती, अशा त्या खुणा आहेत. त्या जुळल्या की ग्राहकाला आपल्या देशातील न्यायालयात जाता येते. वर सांगितलेल्या दुकानाला ही कसोटी लावली असती, तर रुपयांतील किमती आणि पिनकोडचा रकाना हेच त्याच्याविरुद्ध पुरावे झाले असते.

पण न्यायालयाचे दार उघडे असणे आणि तीस युरोंच्या बुटांसाठी कोणी ते ठोठावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून युरोपीय संघाने २०१६ मध्ये ऑनलाइन तंटानिवारणाचे एक सामाईक संकेतस्थळ सुरू केले. लिस्बनमधल्या ग्राहकाने आपल्या भाषेत तक्रार लिहावी, ती वॉर्सामधल्या विक्रेत्याकडे जावी, दोघांनी मिळून एखादी तंटानिवारण संस्था निवडावी, अशी योजना होती. ती कागदावर अतिशय सुबक होती, पण विक्रेत्याने उत्तर देणे ऐच्छिक होते आणि बहुसंख्य विक्रेत्यांनी ते दिलेच नाही. २० जुलै २०२५ रोजी ते संकेतस्थळ बंद करण्यात आले. त्याउलट १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा तिथला हक्क ठणठणीत आहे, कारण तो विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेला नाही: हा हक्क असल्याचे ग्राहकाला सांगितलेच नाही, तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. गप्प बसण्याची किंमत गप्प बसणाऱ्याने मोजावी, ही योजना मला फार आवडते.

भारताचा कायदा वाचताना तो तितका मागे नाही असे दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा मिळाली. पूर्वी विक्रेत्याच्या गावाला किंवा वादाचे कारण जिथे घडले तिथे जावे लागे. त्याच आठवड्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी, भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही आपल्या कक्षेत घेतले. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, आयात केलेल्या वस्तूच्या आयातदाराचे नाव दाखवावे, अशी बंधने त्यात आहेत. अडचण पुढे आहे. मोठ्या बाजारपेठांचे इथे कार्यालय आहे, नियमपालनाची जबाबदारी असलेला, भारतात राहणारा नोडल अधिकारी आहे, त्यामुळे १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की हालचाल होते. ज्या दुकानाचा पत्ताच नाही, त्याच्याविरुद्ध रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाने निर्विवाद आदेश दिला तरी त्याची नोटीस कोणत्या दारावर चिकटवायची? इथे कायदा लिहिणाऱ्यांचा दोष नाही. हात जिथवर पोचतो तिथवरच कायदा पोचतो.

हात पोचतो तिथे मात्र आपल्या व्यवस्थेने अनपेक्षितपणे चांगले काम केले आहे. माझ्या भाच्याने नोकरीच्या अर्जासाठी एका परदेशी संकेतस्थळावर बायोडाटा तयार केला. तयार करणे विनामूल्य होते. डाउनलोड करायचे तर दोन-तीन डॉलर देऊन ‘चाचणी सदस्यत्व’ घेणे भाग होते, आणि चाचणी संपल्यावर दर महिन्याला त्याच्या कितीतरी पट रक्कम कापली जाईल, हे बटणाखाली फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेले होते. सदस्यत्व रद्द करण्याचे बटण खात्याच्या पानावर नव्हतेच. त्यासाठी कार्यालयीन वेळेत, आणि तीही अमेरिकेतील, फोन करायचा होता. पुढच्या महिन्यात कंपनीने रक्कम कापण्याचा प्रयत्न केला आणि भाच्याच्या बँकेने तो नाकारला, कारण दरमहाच्या कपातीला लागणारी नोंदणी त्याने कधी केलीच नव्हती. ‘आपले कार्ड अद्ययावत करा’ अशी आर्जवी पत्रे त्यानंतर बरेच दिवस येत राहिली.

हे घडले ते रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे. १ ऑक्टोबर २०२१ पासून, व्यवहार देशातला असो वा परदेशी, कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या कपातीला आधी ओटीपीसह नोंदणी लागते, प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावे लागते, आणि ठरलेल्या मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी नव्याने संमती लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये ती १५,००० झाली. सुरुवातीच्या काळात कितीतरी प्रामाणिक सेवाही यामुळे बंद पडल्या; परदेशी वृत्तपत्रांची, सॉफ्टवेअरची सदस्यत्वे एका रात्रीत अडली आणि लोकांनी रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटे मोडली. तो त्रास खरा होता. तरी मी या नियमाच्या बाजूने आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संकेतस्थळांच्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यांत सदस्यत्वाचा सापळाही आहे. परंतु भाच्याला सोडवले ते त्या मनाईने नव्हे. कंपनीने ती वाचलीही नसेल. सोडवले ते बँकेने, कारण ती रिझर्व्ह बँकेला उत्तर देणे लागते.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण महाराष्ट्रातून परदेशी विकणारेही हजारो आहेत आणि जवळचा जबाबदार माणूस दाखवण्याची अट त्यांच्यावरही येते. युरोपीय संघाचे सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा विनियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार बाहेरून येणाऱ्या बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी संघाच्या हद्दीत एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असणे आणि तिचे नाव-पत्ता जाहीर करणे बंधनकारक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने मी वर मागत होतो तेच हे आहे. कोल्हापुरी चपला बाहेर पाठवणाऱ्या एका परिचितांसाठी मात्र त्याचा अर्थ असा झाला की जर्मनीला वर्षाकाठी जेमतेम काही जोड जातात, त्यांच्यासाठी तिथे पैसे देऊन प्रतिनिधी नेमायचा. त्यांनी जर्मनी सोडून दिले. मोठ्या कंपनीला असा प्रतिनिधी जड जात नाही, घरगुती कारागिराला जातो. छोट्या विक्रेत्यांसाठी निर्यात परिषदेने किंवा बाजारपेठेनेच सामाईक प्रतिनिधी पुरवला, तर हा भार विभागता येईल. त्याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही.

याच परिचितांकडे विश्वास कसा कमावतात ते पाहायला मिळते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन पायाचे माप सांगत नाही, आणि चप्पल परत पाठवण्याचा टपालखर्च पुष्कळदा चपलेच्या किमतीहून अधिक असतो. त्यामुळे ते ग्राहकाला कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र पाठवायला सांगतात, आणि ते पाहिल्याशिवाय ऑर्डर पक्की करत नाहीत. चूक त्यांची असेल तर जुना जोड परत मागवत नाहीत, नवा पाठवतात. वस्तू परत येण्याचा मार्ग महाग असेल तर ती परत येऊच नये अशी तजवीज आधी करायची, हा त्यांचा हिशेब आहे.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली तेव्हा परदेशी विकणाऱ्या या मंडळींची कसोटी लागली. भारतीय टपाल खात्याने त्याआधी चार दिवस तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले, आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आलेली असताना, सेवा पुन्हा सुरू केली ती शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याच्या व्यवस्थेसह. शुल्क कितीही टोचले तरी ते कोणी आणि कुठे भरायचे हे आधीच ठरलेले असणे महत्त्वाचे आहे. न्यू जर्सीतील ग्राहकाने चकली-अनारशांचे पैसे देऊन टाकल्यावर दारात आलेला कुरियरवाला आणखी डॉलर मागू लागला, तर तो ग्राहक शुल्कावर नव्हे, पुण्यातल्या विक्रेत्यावर चिडतो. आपल्याकडे येणाऱ्या पार्सलांबाबत तर या संदिग्धतेचा फायदा थेट भामटेच घेतात: ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’ हा संदेश खरा की खोटा हे सामान्य माणसाला कळत नाही, कारण खरे पार्सलही तसेच अडकते. सीमाशुल्क विभागाच्या पत्रव्यवहारावर ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो; शिवाय शुल्क कधीही कोणाच्या वैयक्तिक खात्यात भरायचे नसते.

आपल्या कार्डांच्या बाबतीत एक भगदाड अजून उघडे आहे. देशातील ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो. परदेशी संकेतस्थळावर मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे दिले की पुष्कळदा पैसे जातात. याच कारणाने २०२० नंतर दिलेल्या नव्या कार्डांत आंतरराष्ट्रीय वापर मुळातच बंद असतो आणि तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. आता रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांना १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अशी यंत्रणा उभारायला सांगितले आहे की परदेशी विक्रेत्याने किंवा त्याच्या बँकेने मागणी केली, तर अशा एकवेळच्या व्यवहारालाही दुसरी पडताळणी करता येईल. मागणी केली तरच, हे शब्द नियम वाचताना खटकतात. पण बेलव्यू किंवा शेन्झेनमधल्या विक्रेत्यावर ओटीपी मागण्याची सक्ती मुंबईतून करता येत नाही. मुंबईच्या हुकमतीखाली असलेल्या बँकांवर करता येते, आणि तेवढी ती झाली आहे.